दुसरं बटण

मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी चष्मा पुसत होतो. "रविवारी सकाळी अकराला आपल्याच थिएटरात दादांची शोकसभा आहे," तो म्हणाला. "तुला पाच मिनिटं ठेवलीत. तो किस्सा सांग. उगाच लांबण लावू नकोस."

कुठला किस्सा, हे मी विचारलं नाही. दादांच्या आणि माझ्या नावावर एकच किस्सा आहे आणि तो नाटकाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. दादा ऐन प्रयोगात वाक्य विसरले, हॉलमध्ये शांतता पसरली, आणि विंगेतल्या माणसानं इतक्या जोरात वाक्य दिलं की तिसऱ्या रांगेतल्या बाईनं त्याला उत्तर दिलं. दादा स्वतः हा किस्सा सांगायचे, माझी नक्कल करत, आणि शेवटी म्हणायचे, "याने त्या दिवशी माझी लाज राखली." लोक हसून हसून बेजार व्हायचे. मीही हसायचो, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता. किस्सा खोटा आहे हे फक्त चौघांना माहीत होतं, आणि त्यातले एक आता गेले.

मी प्रॉम्प्टर होतो. नाटक चालू असताना विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, डोक्याशी निळा कागद लावलेला बारका दिवा, आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानापर्यंत पोहोचवायचं. आवाज दहा पावलं गेला पाहिजे आणि अकराव्या पावलावर संपला पाहिजे. हे ज्याला जमतं त्याचं नाव कुणाला कळत नाही. ज्याला जमत नाही त्याचं अख्ख्या हॉलला कळतं. रंगपटात मला सगळे 'कुजबुजे' म्हणायचे, जणू काही ते माझं आडनावच. दादांनीच ठेवलेलं. घरी बायको रागावली की तीसुद्धा म्हणायची, "कुजबुजे, जरा तोंड उघडून बोला."

दादांबरोबर मी एकोणीस वर्षं बसलो. त्यांच्या अभिनयाबद्दल मी बोलणार नाही, ते बोलायला लोक आहेत. मी त्यांना बाजूनं पाहिलं, समोरून कधीच नाही. मला त्यांचा उजवा कान पाठ आहे.

एक प्रसंग सांगतो म्हणजे माणूस कळेल. आमच्या कपडेपटाच्या मावशींनी एकदा इस्त्री करताना दादांच्या कोटाची डावी बाही जाळली. चांगलं बशीएवढं भोक. तिसरी घंटा व्हायला आली होती आणि दुसरा कोट नव्हता. मावशी कोट धरून रडायच्या बेतात. दादांनी कोट घातला, डावा हात खिशात कोंबला, बाही अंगाशी दाबून धरली आणि तीनही अंक एका हातानं केले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की खिशातला तो हात म्हणजे त्या पात्राच्या मनातली अढी आहे, कमालीची सूक्ष्म योजना आहे वगैरे. दादांनी ते कात्रण मावशींना दिलं. "ही योजना तुमची," म्हणाले. मावशींनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

असे ते होते. सेटचं दार अडकलं की सुताराला बोल लागू नये म्हणून खिडकीतून आत यायचे. माझं स्टूल डुगडुगायचं, तर प्रत्येक प्रयोगाच्या आधी स्वतः येऊन ते हलवून बघायचे आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचे. प्रत्येकाची चूक त्यांनी कुठल्या ना कुठल्या खिशात घातली. आता मला वाटतं, त्यामुळे आम्ही सगळे थोडे बिघडलो. चुकलं तर दादा आहेत, ही खात्री माणसाला फार सुखाची होते, आणि सुखावलेला माणूस आपली चूक आपण उचलायला विसरतो. हे मावशींबद्दल नाही बोलत मी. माझ्याबद्दल बोलतोय.

आमच्या दोघांत एक खूण ठरलेली होती. दादांचं वाक्य हुकलं की ते उजव्या हातानं दुसरं बटण धरायचे. कोट असो, सदरा असो, वरून दुसरं बटण. प्रेक्षकांना वाटायचं माणूस अस्वस्थ झालाय. मला कळायचं की वाक्य हवंय. बटण धरलं नाही तर ते कितीही वेळ गप्प राहोत, मी तोंड उघडायचं नाही. कारण दादांची खरी ताकद बोलण्यात नव्हती, थांबण्यात होती. कुठं थांबायचं आणि किती, हे त्यांना असं कळायचं की हॉलमध्ये लोक खोकला गिळून बसायचे. एकोणीस वर्षांत बटण त्यांनी नऊ-दहा वेळा धरलं असेल. नऊ-दहाही वेळा मी वाक्य दिलं आणि ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

मग माझे डोळे जायला लागले.

एकदम नाही. आधी दिव्यांभोवती कडी दिसायला लागली, मग लांबच्या चेहऱ्यांवर साय धरल्यासारखं झालं. संहिता मला पाठ होती, त्यामुळे वाचायचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो बटणाचा. माझ्या स्टुलापासून रंगमंचाच्या मध्यापर्यंत दहा पावलं, आणि दहाव्या पावलावर मला दादा म्हणजे एक तपकिरी डाग दिसायचे. हे मी कुणालाही सांगितलं नाही. आंधळा होत चाललेला प्रॉम्प्टर कोण ठेवील? मला दुसरं काही येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नव्हतं. बायकोला संशय आला होता. "चहात साखरेऐवजी मीठ घातलंत, चव कळली नाही म्हणता, दिसलंही नाही का?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. एकदा मी विंगेत वायरला अडखळून पडलो तेव्हा मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "डोळे तपासून ये. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." मी हो म्हटलं आणि गेलो नाही.

त्या वर्षी चालू होतं ते नाटक साधं होतं. एक म्हातारा घड्याळ दुरुस्त करणारा. मुलगा भांडून घर सोडून गेलेला. तिसऱ्या अंकात चौदा वर्षांनी तो मुलगा दुकानाच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "ओळखलंत का?" म्हातारा त्याच्याकडे बघत राहतो. संहितेत तिथं कंसात एकच शब्द होता, शांतता. मग म्हाताऱ्याचं वाक्य येतं, "जेवून आला आहेस का?" बस, एवढंच. पण दादा तिथं थांबायचे. मी मनातल्या मनात आकडे मोजायचो. बावीस. कधी तेवीस. तेवढ्या वेळात ते काही म्हणजे काही करत नव्हते, हात टेबलावर उघड्या घड्याळाशेजारी पडलेला असायचा, आणि तरी चौदा वर्षं पुढून निघून जाताना दिसायची. त्या वाक्याला रोज हुंदके यायचे.

त्याच सुमारास एका मोठ्या दिग्दर्शकानं नवं नाटक काढायचं ठरवलं. एका वृद्ध न्यायाधीशाचं. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत न्यायाधीश रंगमंचावर, आणि शेवटचा अंक जवळजवळ त्याच्या एकट्याच्या तोंडी. दादांनी ती संहिता वीस वर्षांपूर्वी वाचली होती आणि तेव्हापासून ते त्या भूमिकेची वाट बघत होते. "तेव्हा वय कमी पडत होतं," ते मला म्हणाले, "आता वय आहे, फक्त जास्त होऊ नये म्हणजे झालं." अडुसष्ट वर्षांचे होते. दिग्दर्शकाच्या मनातही तेच होतं. एवढं पाठांतर या वयात झेपेल का? म्हणून एका शनिवारी दुपारच्या प्रयोगाला तो न कळवता येऊन तिसऱ्या रांगेत बसला. मध्यंतरात मॅनेजरनं त्याला ओळखलं आणि धावत आत आला. दादा मिश्या नीट बसवत होते. "बसू दे की," म्हणाले, "तिकीट काढलंय ना त्याने?" पण मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आरशाच्या इतक्या जवळून मला दिसायचं. मिशीचं एक टोक त्यांनी तीनदा सोडवून पुन्हा चिकटवलं.

तिसरा अंक लागला. मुलगा दारात आला. "ओळखलंत का?"

दादा थांबले. मी मोजायला लागलो. सात, आठ, नऊ. आणि तपकिरी डागातून काहीतरी वर गेलं. हात. टेबलावरून उठून छातीकडे. तो हात त्या जागी शंभर प्रयोगांत कधी उठला नव्हता. दिग्दर्शक समोर बसलाय, दादा घाबरलेत, वाक्य गेलंय, त्यांनी बटण धरलंय. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं. मी वाक्य दिलं. घाईत, भीतीनं, आणि दहा पावलांच्या ऐवजी तीस पावलं जाईल अशा आवाजात. "जेवून आला आहेस का?"

हॉल इतका शांत होता की ते सगळ्यांना ऐकू गेलं. तिसऱ्या रांगेतली एक बाई, बिचारी भारावलेली असणार, तिच्या तोंडून पटकन निघालं, "नाही हो."

आधी एक जण हसला. मग रांगा हसल्या. मग वरची गॅलरी. आजवर असं हसणं मी विनोदी नाटकातही ऐकलं नव्हतं. दादांनी सगळं ओसरू दिलं आणि मग आपलं वाक्य म्हटलं, शांतपणे, जसं रोज म्हणायचे तसं. पण आता ते दुसऱ्यांदा ऐकलेलं वाक्य होतं. कुणी रडलं नाही.

त्या हातात बटण नव्हतं. हे मला मावशींनी प्रयोग संपल्यावर सांगितलं, कारण त्या समोरच्या विंगेत उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे चांगले होते. घड्याळवाल्याच्या गळ्यात दोरीला एक भिंग असायचं. दादांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ते भिंग मुठीत धरून झाकलं होतं. जणू म्हाताऱ्याला मुलगा फार स्पष्ट बघायचा नव्हता. "काय सुचलं हो त्यांना," मावशी म्हणाल्या, "माझ्या अंगावर काटा आला, आणि तेवढ्यात तुम्ही ओरडलात." भिंग आणि दुसरं बटण यांत एका वितीचं अंतर होतं. मला ती वीत दिसली नाही.

रंगपटात मॅनेजर लालबुंद होऊन आला. "काय झालं ते मला आत्ता कळलं पाहिजे. चूक कुणाची?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलणार होतो. निदान असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय. त्याआधी दादा बोलले. ते आरशापुढं बसून मिशी सोडवत होते.

"अरे, माझं वाक्य गेलं," ते म्हणाले. "मी खूण केली, याने दिलं. हा नसता तर मी अजून तिथंच उभा असतो."

मॅनेजरचा आवाज खाली आला. "दादा, तुमचं वाक्य गेलं?"

"का, माझं जाऊ नये का? अडुसष्ट झालीत."

तेव्हा मला दिसलं की दारात कुणीतरी उभं आहे. मला फक्त उंची कळली, चेहरा कळला नाही. तो दिग्दर्शक होता. तो दोन शब्द चांगले बोलला, दादांचा हात हातात घेतला आणि गेला. दादांच्या समोरच्या आरशात ते दार दिसत होतं. म्हणजे बोलताना त्यांना माहीत होतं की कोण ऐकतंय. मॅनेजरनं मला काढू नये म्हणून त्यांनी ते वाक्य उच्चारलं, आणि ते उच्चारताना स्वतःच्या वीस वर्षांच्या वाटेवर पाणी सोडलं. मी भिंतीला पाठ लावून मूग गिळून उभा राहिलो.

मला चार दिवस मिळाले होते. दिग्दर्शक बुधवारी निर्णय घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी बायकोला सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती नुसती म्हणाली, "मग जा आणि त्या माणसाला सांगा."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल. मग?"

रविवारी मी गेलो नाही. तिनं विचारलं, "गेला होतात का?" मी म्हटलं, उद्या. सोमवारी विचारलं. मी म्हटलं, आज तो भेटणार नाही. मंगळवारी मी खरंच गेलो. त्याचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, कठड्याला नवा रंग लावलेला, 'हात लावू नये' असा कागद चिकटवलेला. मी हात न लावता, अंदाजानं पायऱ्या चाचपत दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. वरून टाइप करण्याचा आवाज येत होता. मी काय म्हणणार होतो तेही पाठ करून ठेवलं होतं. 'ते विसरले नव्हते, मला दिसलं नाही.' सहा शब्द. दुसऱ्यांना वाक्यं देण्यात माझी हयात गेली आणि स्वतःचे सहा शब्द मला तिसऱ्या मजल्यापर्यंत नेता आले नाहीत. मी वळलो आणि खाली आलो. घरी बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं नाही. त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही.

बुधवारी भूमिका दुसऱ्याला गेली.

महिन्याभरानं दादा मला म्हणाले, "मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. एकट्याला कंटाळा येतो, सोबत चल." दवाखान्यात पांढऱ्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. आत बोलावल्यावर त्यांनी मला पुढं ढकललं. "डॉक्टर, आधी याचे बघा. माझं काय, मला सगळं दिसतं."

डॉक्टरनं दिवा माझ्या डोळ्यात घातला आणि विचारलं, "हे कधीपासून आहे?" मी म्हटलं, थोडेच दिवस झाले. मागं दादा उभे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर्षा-दोन वर्षांचा तरी.

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्यानं चालत निघालो. चौकात त्यांनी माझा दंड धरून मला फुटपाथवरून खाली उतरवलं, रस्ता ओलांडल्यावर पुन्हा वर चढवलं. मग म्हणाले, "काही बोलायचंय का तुला?"

आता याहून सोपं कोण काय करून देणार? मी म्हटलं, "नाही दादा."

"बरं," ते म्हणाले आणि ऑपरेशन कधी करायचं ते बोलायला लागले.

ऑपरेशन झालं. पट्ट्या निघाल्या. तीन आठवड्यांनी मी परत स्टुलावर बसलो तेव्हा मला दादांच्या सदऱ्याच्या बटणांची भोकंसुद्धा मोजता येत होती. मी जीव मुठीत धरून तिसऱ्या अंकाची वाट बघत होतो. मुलगा आला. "ओळखलंत का?" मी मोजायला लागलो. सहा झाले आणि दादा म्हणाले, "जेवून आला आहेस का?"

मला वाटलं, आज घाई झाली असेल. दुसऱ्या प्रयोगाला पाच. तिसऱ्याला सहा. त्यानंतर त्या नाटकाचे साठ-सत्तर प्रयोग झाले. सातच्या पुढं ते कधी गेले नाहीत. वाक्य यायचं, लोकांना आवडायचं, एखादी बाई डोळेही पुसायची. पण जे बावीस आकड्यांत दिसायचं ते सहात कसं दिसणार? नव्यानं येणाऱ्या प्रेक्षकांना कळायचंही नाही की तिथं काय होतं आणि काय गेलं. मला कळायचं.

शेवटी एकदा, दुपारी तालमीच्या हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं. "दादा, त्या जागेवर तुम्ही आता थांबत का नाही?"

ते माझं स्टूल हलवून बघत होते. "तू घाबरतोस रे," म्हणाले.

त्यांनी हे सहज म्हटलं, 'बाहेर ऊन आहे' म्हणावं तसं. टोमणा असता तर मी सहन केला असता. मी म्हणायला हवं होतं की नाही दादा, आता मला दिसतं, तुम्ही थांबा, हवे तेवढे थांबा. पण ते म्हटलं तर आधी दिसत नव्हतं हे म्हणावं लागलं असतं. मी संहितेची पानं चाळत बसलो.

पुढं ते तसंच होत गेलं. दादा विसरतात, ही गोष्ट किस्स्याच्या अंगानं सगळीकडे पोहोचली. मोठ्या भूमिका येईनात. दोन-तीन प्रवेशांच्या आल्या, प्रेमळ आजोबा, आंधळा शेजारी. त्या त्यांनी तितक्याच मन लावून केल्या. आणि मुलाखतीत कुणी विचारलं की आपण होऊन तोच किस्सा सांगायचे, म्हणजे लोक हसतील आणि कुणाला वाईट वाटणार नाही. त्या हसण्याच्या खाली माझी नोकरी आणखी अकरा वर्षं शाबूत राहिली.

रविवारी मी अकराला दहा कमी असताना थिएटरात पोहोचलो. रंगमंचावर दादांचा मोठा फोटो ठेवला होता, समोरून काढलेला. मला तो चेहरा जरा परकाच वाटला. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, दादांच्या पत्नी. मावशी त्यांच्या शेजारी, काठी धरून. दिग्दर्शकही आला होता, आता चांगलाच वाकलेला. तो माझ्या आधी बोलला. म्हणाला, "एका भूमिकेसाठी मी त्यांचा विचार केला होता, पण स्मरणशक्तीनं दगा दिला. मोठ्या माणसांचंही असं होतं." लोकांनी माना डोलावल्या.

माझं नाव पुकारलं तेव्हा आधीच हशा पिकला. मी माइकसमोर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रंगमंचाच्या मध्यावर उभा होतो, आणि तिथून माझी विंग दिसत होती. दहा पावलं. स्टूल अजून तिथंच होतं.

"दादा विसरले नव्हते," मी म्हटलं.

मी पुढं सांगितलं. खूण सांगितली, डोळ्यांचं सांगितलं, भिंग सांगितलं, आरसा सांगितला, दुसऱ्या मजल्यावरून परत आलो तेही सांगितलं. "चूक माझी होती. त्यांनी ती आपल्या नावावर घेतली आणि मी घेऊ दिली. ते एकही वाक्य विसरले नव्हते."

मग मागच्या रांगेतून एक जण उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच. दिग्दर्शक माझ्याजवळ आला, डोळे पाणावलेले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाला, "बघा. मित्र गेल्यावरही त्याची लाज राखणारी अशी माणसं आता होणे नाही." टाळ्या आणखी वाढल्या.

मी म्हटलं, "अहो, खरं सांगतोय मी." पण माइक त्याच्या हातात होता, आणि माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे, दहा पावलं जातो.

पहिल्या रांगेत दोनच माणसं टाळ्या वाजवत नव्हती. मावशी आणि वहिनी.

सभा संपल्यावर लोकांनी माझे हात हातात घेतले. एका नटानं माझे पायच धरले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गर्दी कमी झाली तेव्हा मी वहिनींजवळ गेलो.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी," वहिनी म्हणाल्या. "प्रयोगाहून आल्या आल्या. म्हणाले, त्याला दिसत नाही गं, आणि सांगायची भीती वाटते. मी म्हटलं, आणि तुमचं न्यायाधीशाचं? तर म्हणाले, तो सांगेल दिग्दर्शकाला. मंगळवारपर्यंत वाट बघत होते."

मी खुर्चीची पाठ धरली.

"मी चिडले होते तुमच्यावर भाऊजी, खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं. मग चिडून चिडून दमले." त्यांनी पदरानं नाही, हातानंच डोळे पुसले. "घरी मात्र हे ती जागा पूर्ण करायचे. बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून. मला दारात उभं करायचे आणि म्हणायचे, तू मुलगा हो. मी विचारायचे, ओळखलंत का? आणि मग उभी राहायचे. पाय दुखायचे माझे. बावीस, पंचवीस, एकदा तर तीस झाले. गेल्या महिन्यापर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, विचारायचे. जेवून आला आहेस का?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या काठी टेकत उठल्या. वहिनींची पिशवी मी उचलली आणि आम्ही तिघं बाजूच्या दारानं, विंगेतून बाहेर निघालो. जाताना मी स्टूल हलवून बघितलं. ते डुगडुगत नव्हतं. खाली पुठ्ठ्याची घडी होती.